ऊन उतरल्यावर जाऊ

माझे बाबा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत तीसेक वर्षं पंपावर होते. उघडी खाण म्हणजे जमिनीला पाडलेलं भलंमोठं भगदाड, आणि भगदाड पडलं की त्यात पाणी येणारच. पावसाचं वरून येतं, पाझराचं बाजूंनी. ते उपसून बाहेर फेकत राहायचं, म्हणजे खाली माणसं आणि मशिनी काम करू शकतात. शाळेत कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी बिनदिक्कत "इंजिनियर आहेत" म्हणून ठोकून द्यायची. पंप चालवतात हे सांगायची मला लाज वाटायची. आज त्या लाजेची लाज वाटते, पण ती वाटून आता काय उपयोग.

एका वर्षी आमच्या घरी कॅलेंडरवर समुद्रातल्या किल्ल्याचा फोटो आला. वर्ष संपलं तरी बाबांनी ते पान फेकलं नाही, जेवणाच्या जागेसमोरच्या भिंतीवर खिळ्याला तसंच राहू दिलं. त्यांना राजे, लढाया, तोफा यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं डोकं वेगळ्याच जागी अडकलं होतं. मी सातवी-आठवीत असेन. कुठल्याशा पुस्तकातून मी त्यांना वाचून दाखवलं की अशा किल्ल्यांच्या आत गोड्या पाण्याची विहीर असते. झालं, घास हातातच राहिला.

"चारही बाजूनं खारं पाणी, अन् मधात गोडी विहीर?"

"पुस्तकात लिहिलंय बाबा."

"अन् पाझर? पाझर कुठी जाते मंग? पंप तं नसन तवा."

मला काय ठाऊक? मी पुढचा धडा वाचायला घेतला. पण हा प्रश्न त्यांनी पुढे कितीतरी वर्षं चघळला. घरी कोणी शिकलेला माणूस आला की चहाचा कप त्याच्या हातात पडायच्या आत बाबा त्याला विहिरीचं विचारायचे. माणसं हसून वेळ मारून न्यायची. आई म्हणायची, "एकदा नेऊन दाखवा वं कोणी याईले, म्हणजे सुटका होईन आमची."

आई गेली आणि मी बाबांना नागपूरला, नंदनवनला माझ्याकडे घेऊन आले. मी एकटीच असते. सरकारी नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि सगळं आपल्या मनासारखं करायची सवय. बाबांच्या फुप्फुसांनी तोवर खाणीचा हिशोब दाखवायला सुरुवात केली होती. रामदासपेठेतले डॉक्टर दर खेपेला औषधांची यादी वाढवत. माझ्या घरात बाबा फार शहाण्यासारखे वागायचे. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. टीव्हीचा आवाज मी कमी केला की आवाज कमीच बरा, असं म्हणायचे. मला वाटायचं, किती छान जुळवून घेतलंय त्यांनी. खरं म्हणजे ते मला घाबरून होते. हे मला आता कळतं.

दोन वर्षांपूर्वी मेच्या अखेरीला पेणला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. तिथून एसटीने दोन-अडीच तासांवर एक जलदुर्ग आहे, हे बाबांनी लग्नपत्रिका हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं. कोणाकोणाला फोन केले, देव जाणे. लग्नानंतर एक दिवस मोकळा होता, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळूहळू चालू दे, दम लागला की बसवा, आणि न्यायचं असेल तर आताच न्या. त्या "आताच"चा अर्थ मला समजला होता आणि बाबांनाही. पुन्हा असा प्रवास त्यांच्याने होणार नव्हता. विहीर पाहायची तर ती त्या एका दिवशीच.

किल्ल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मी तो आतून पाहिलेला नाही, तेव्हा त्याच्याविषयी बोलायचा मला अधिकार काय?

नऊच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोचलो. समुद्र मी त्याआधी दोनदा पाहिला होता, बाबांनी एकदाही नाही. मला वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील, निदान हात तरी जोडतील. त्यांनी फक्त चप्पल काढून हातात घेतली आणि समोर बघत राहिले. किल्ला अगदी समोर होता. काळ्या दगडांचा, ठेंगणा, आणि आपल्यापासून तिथपर्यंत सगळी ओली वाळू आणि शेवाळलेले खडक. पाणी कुठंतरी लांब, दोन्ही बाजूंना. माणसं चालत चालली होती. एक आजीबाई लुगड्याचा काचा मारून नातवंडांच्या पुढे निघाली होती. होड्या पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या.

"पायीच जावाचं हाये का?" बाबांचा चेहरा उजळला. "मले वाटलं होतं होडीत बसा लागन. चाल मंग."

आणि मी वर पाहिलं. ऊन!

नागपूरच्या माणसाला मे महिन्यात एकच शत्रू माहीत असतो. नऊ वाजता ऊन दिसलं की आमचं डोकं आपोआप चालायला लागतं: आता घरात शिरा, कूलर लावा, पडदे ओले करा, चारनंतर बाहेर पडा. बँकेची कामं, भाजी, मयताच्या घरी भेटायला जाणं, सगळं एकतर सकाळी आठच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर. माझ्या पर्समध्ये लू, म्हणजे उन्हाळ्यातली गरम झळ, लागू नये म्हणून दोन कांदे होते, अख्खे, नागपूरहून आणलेले. समुद्रकिनाऱ्यावर! जिथं वारा घामाने चिकट झालेला आणि लू कशाला म्हणतात हे कोणाला माहीतही नाही.

"आत्ता नाही बाबा," मी म्हटलं. "ऊन पाहून राहिले का तुम्ही? नाश्ता करू, गोळ्या घ्या, दुपारी थोडं पडा. चार वाजता जाऊ आरामात, ऊन उतरल्यावर."

"लोकं तं जाऊन राहिले."

"जाऊ द्या त्यांना. त्यांची फुप्फुसं धड आहेत."

हे मी त्यांच्या काळजीपोटी केलं, असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की दोन दिवसांच्या लग्नाने मी आंबून गेले होते, मला चहा हवा होता, आंघोळ हवी होती आणि पंख्याखाली पाय पसरायचे होते. आणि एकदा ठरवलं की मी बदलत नाही, हा माझा जुना दुर्गुण.

किनाऱ्यालगतच एका बाईंची खानावळ होती. मागे दोन खोल्या भाड्याने देत. आम्ही एक घेतली. बाईंनी पर्समधले कांदे पाहिले आणि विचारलं, "हे कशाला हो?" मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की आतून त्यांची सूनही बघायला आली. मलाही हसू आलं. सकाळ तशी चांगली चालली होती, हेच तर वाईट आहे.

पोहे खाऊन मी आंघोळीला गेले. बाहेर येते तर बाबा खोलीत नाहीत. खिडकीतून पाहिलं तर ते किनाऱ्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वाकून काहीतरी करत होते. मी टॉवेल डोक्याला गुंडाळलेला तसाच ठेवून ओरडले, "बाबा, ऊन लागेल!" ते आले. पायाला वाळू, पँटच्या दुमडी ओल्याचिंब.

"पाणी चढून राहिलं वं बाई," ते म्हणाले.

"काय?"

"पाणी. मी काडी गाडली होती कडेले. पंधरा मिनटात सात पावलं अंदर आलं. दुसरी गाडली, ते बी गेली. आताच गेलो तं जाऊन येऊ. अकराच्या पुढं वाट राहत नाई."

आता हे सांगायलाच हवं. भरती-ओहोटी काय असते हे मला माहीत होतं. चंद्र, सूर्य, आकर्षण, सगळं. भूगोलात मला नेहमी चांगले मार्क असत आणि भरती-ओहोटीची आकृती मी इतकी सुबक काढायची की बाईंनी ती वर्गाला दाखवली होती. पण माझ्या मनात ती आकृतीच होती. समुद्र हातभर पुढे येत असेल, हातभर मागे जात असेल, असं काहीतरी. मघाशी माणसं चालत होती ती वाटच उठून जाईल, हे माझ्या डोक्यात शिरेना. सातवी पास बाबांनी मात्र दोन काड्या रोवून अर्ध्या तासात सगळं समजून घेतलं होतं.

आणि मी त्यांना काय म्हटलं? मी म्हटलं, "ही काय तुमची खाण आहे का, बाबा?"

त्यांनी पँटच्या ओल्या दुमडी पिळल्या. मग जरा वेळाने, म्हणजे कपडे बदलून झाल्यावर, पुन्हा एकदा हळूच म्हणाले, "एकडाव पाहून घे ना तू सोताच. मी काय म्हणून राहिलो ते." मी केस विंचरत होते. "चार वाजता," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

त्यांनी गोळ्या घेतल्या. कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं झोपले. मी पंखा मोठा केला, खिडकीचा पडदा ओढून घेतला, कडेला उशी लावून फट बंद केली. आमच्याकडे उन्हाळ्यात करतात तसं सगळं नीट केलं. समुद्र त्या पडद्याच्या पलीकडे शंभर पावलांवर होता.

जेवणं झाली, पुन्हा पडलो. चार वाजता मी बाबांना उठवलं. ते जागेच होते. मी त्यांना टोपी दिली, पाण्याची बाटली खांद्याला लावली आणि आम्ही बाहेर पडलो.

समोर सगळं पाणी होतं.

खरंच सांगते, पहिल्यांदा मला वाटलं आपण वेगळ्या दाराने बाहेर आलो. वाळू नव्हती, खडक नव्हते. खानावळीच्या कुंपणापाशी झाकलेल्या होड्यांच्या अलीकडेपर्यंत लाटा येत होत्या, आणि किल्ला दूर सरकल्यासारखा पाण्यात मधोमध उभा होता. कॅलेंडरवर होता अगदी तसा. आजूबाजूला एकही माणूस किल्ल्याकडे बघतसुद्धा नव्हता. सगळे पाण्यात खेळत होते, भेळ खात होते.

खानावळीच्या बाई ओट्यावर मासे निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किल्ला? आता कसल्या जाताय? पूर्ण भरती आहे. सकाळी आलात तेव्हाच जायचं होतं ना. मला वाटलं तुम्हाला जायचंच नाहीये."

"होडी?"

"होड्या बंद झाल्या गेल्या आठवड्यात. आता उद्या सकाळी आठच्या सुमारास वाट उघडेल."

उद्या दहाला आमची गाडी होती, आणि तीही पेणहून पुढे जाऊन धरायची होती. मी तरी हट्टाने विचारत राहिले. रात्री उघडेल का, थोडं लवकर, कडेकडेने, कोणी धरून नेईल का. बाई नुसती मान हलवत होत्या. दमेकरी माणसाला अंधारात शेवाळावरून कोण नेणार?

"मी सांगितलं होतं" हे तीन शब्द बाबांनी तेव्हाही उच्चारले नाहीत आणि पुढेही कधी नाही. ते बाईंजवळ ओट्यावर टेकले आणि त्यांना विचारू लागले. मधात किती खोल असन? दोन पुरुष? भिंतीवर ते काळी रेघ दिसते, तिथलोक चढते का? आत विहीर हाये म्हणतात, खरी गोष्ट हाये का?

"आहे ना," बाई म्हणाल्या. "आम्ही देवीच्या जत्रेला जातो तेव्हा तिथलंच पाणी पितो."

"गोडं?"

"गोड म्हणजे काय, नारळाच्या पाण्यासारखं."

"कसं काय गोडं राहत असन?"

"देवीची कृपा," बाईंनी हात जोडले. बाबांनीही जोडले. पण त्यांचं समाधान झालेलं नाही हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. तीसेक वर्षं ज्याने पाझराचं पाणी बोट बुडवून चाखलं, त्याला ती कृपा स्वतःच्या जिभेने चाखून पाहायची होती. ओंजळभर पाणी, एवढाच तर हट्ट होता.

सहाच्या बसने आम्ही निघालो. स्टँडवर बाबा म्हणाले, "दिसला ना बाहेरून. तेवढंच लय झालं." ते मला समजावत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तिथं, चार माणसांत, त्यांच्यावर भडकले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर नीट सांगायचं होतं ना! जोर देऊन सांगायचं! नेहमी असं अर्धवट पुटपुटता आणि गप्प बसता!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "माह्यंच चुकलं."

मी त्यांना चूक कबूल करू दिली. बसभर ती त्यांच्याच पदरात राहू दिली. नागपूरला आल्यावर माफी मागेन म्हटलं, तर ऑफिस सुरू झालं, मग पाऊस सुरू झाला, मग त्यांचा दमा वाढला. रामदासपेठेत त्यांना भरती केलं तेव्हा ऑक्सिजनची नळी नाकाला असताना मी म्हणाले, "बाबा, पुढच्या हिवाळ्यात आपण किल्ल्यावर जाऊ. सकाळीच जाऊ, अगदी ओहोटी पाहून." त्यांनी मान हलवली. माझ्या समाधानासाठी हलवली. त्या डिसेंबरातच ते गेले.

तेरवीच्या दिवशी उमरेडहून एक वयस्कर गृहस्थ आले. बाबांच्या शिफ्टमध्ये खाली मशिनीवर होते, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना ओळखत नव्हते. जेवले, हात धुतले, आणि जायच्या आधी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तुमचे बाबा म्हणजे काय माणूस होते, तुमाले काय सांगू," ते म्हणाले. "आमी तिकडे खाली दोनशे फुटावर. वरतून त्याईनं नुसतं म्हटलं ना, पाणी चढून राहिलं, की काम बंद. कोणी विचारे नाई, काहून, किती. एकडाव तं मोठा साहेब स्वतः खाली आला होता, पाहुणे घेऊन. तुमच्या बाबानं आवाज देल्ला. साहेब पाहुण्याईले तसेच घेऊन पळत वर आला. अर्ध्या घंट्यात ते जागा पाण्याखाली. त्याईचा आवाज काई मोठा नव्हता. तोंडातल्या तोंडात बोलत. पण आयकाले यायचं सगळ्याईले."

मी ऐकत होते.

"समुद्रातल्या किल्ल्यावर गेले होते ना ते तुमच्यासंगं? फोनवर सांगतलं होतं, जाऊन राहिलो म्हणून. लय खूश होते. पाहिली का त्याईनं ते विहीर?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायची फार इच्छा झाली होती, पण नाही बोलले. "आम्ही पोचलो, पण जायला उशीर झाला. भरती आली. वाट बुडाली."

त्यांना ते काही केल्या जुळेना. कपाळाला आठ्या पडल्या.

"असं कसं? त्याईले समजलं नाई का पाणी चढून राहिलं ते?"

"समजलं होतं."

"सांगतलं नाई का तुमाले?"

"सांगितलं होतं. दोनदा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, दोष नव्हता. त्यांना खरोखरच समजत नव्हतं, की बाबांनी सांगितल्यावर कोणी जागचं हललं कसं नाही.

"मंग?" त्यांनी विचारलं.